विस्मृत तबकड्यांचा शोध : सीमाभागाच्या संगीतेतिहासाचे एक उपेक्षित साधन



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुवर्यांनी या परिसरातील अनेक पिढ्यांना अक्षरओळखीबरोबरच ऐकण्याची ओळख करून दिली. त्यांच्या स्मृतीस अभिवादन करून मी आजच्या विषयाकडे वळतो. मी संगीताचा शास्त्रशुद्ध अभ्यासक नव्हे. माझे आयुष्य मराठी साहित्याच्या अध्यापनात गेले. तेव्हा साहित्याच्या माणसाने जुन्या ग्रामोफोन तबकड्यांवर बोलावे याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. मला या वाटेला लावले ते साहित्यानेच. ते कसे, हे प्रथम सांगतो.

१. पदाच्या माथ्यावरची ‘चाल’

संगीत नाटकांच्या जुन्या आवृत्त्या ज्यांनी चाळल्या असतील त्यांना ठाऊक आहे की, प्रत्येक पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असा शब्द छापून त्यापुढे एखाद्या परिचित गाण्याचे आरंभीचे शब्द देण्याची पद्धत होती. हे पद कोणत्या सुरावटीवर म्हणावे, याची ती खूण. आण्णासाहेब किर्लोस्कर हे आपल्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. १८४३ साली त्यांचा जन्म झाला. १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ आणि १८८२ मध्ये ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणून त्यांनी मराठी संगीत नाटकाचा पाया घातला. त्यांच्या पदांच्या माथ्यावर साक्या, दिंड्या आणि लावण्यांच्या जोडीने कानडी गाण्यांच्याही चाली दिसतात. गुर्लहोसूरच्या माणसाच्या कानात कानडी पदे असावीत यात आश्चर्य ते कोणते?

वर्गात ही नाटके शिकवताना मला नेहमी एक अडचण येई. पदाचा अर्थ सांगता येई, वृत्त सांगता येई. पण ‘चाल’ या शब्दापुढचे ते मूळ कानडी गाणे कसे होते, हे विचारले की बोलणे खुंटे. पुण्या-मुंबईच्या समीक्षाग्रंथांत त्याचे उत्तर नव्हते. ते गाणे कोणी तरी, कुठे तरी गायिले असणारच. ते कोणाच्या तबकडीवर उमटले असेल का, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आला आणि पुढे निवृत्तीनंतर त्यानेच मला जुन्या बाजारांत हिंडायला लावले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मराठी रंगभूमीची कुळकथा विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या सांगलीतील ‘सीतास्वयंवरा’पासून सांगितली जाते आणि त्या प्रयोगामागे उत्तर कानडातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाची प्रेरणा होती, हेही सांगितले जाते. म्हणजे उगमापासूनच हा प्रवाह दोन भाषांच्या काठांमधून वाहत आला आहे. लिखित साहित्यात मात्र त्याचा एकच काठ दिसतो. दुसरा काठ दाखवील असे साधन आपणांस शोधावे लागते.

२. आवाज टिकू लागला

भाऊराव कोल्हटकरांचा आवाज कसा होता, याची वर्णने आपण वाचतो. तो आवाज ऐकलेला माणूस आज पृथ्वीच्या पाठीवर नाही. भाऊराव १९०१ च्या फेब्रुवारीत निवर्तले. फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आला तो १९०२ च्या अखेरीस. अवघ्या दीड-पावणेदोन वर्षांच्या फरकाने मराठी रंगभूमीचा एक थोर कंठ कायमचा हरवला. त्या मोहिमेत गैसबर्गने पाचशेहून अधिक ध्वनिमुद्रणे केली आणि गौहरजानसारख्या गायिकेचा आवाज मेणावर उमटला. मेणाच्या या मुद्रिका जर्मनीतील हॅनोव्हरला जात, तेथे तबकड्या तयार होत आणि पुन्हा समुद्रमार्गाने हिंदुस्थानात विक्रीस येत. गाणे संपताच गायक-गायिका स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारीत, ते या प्रवासासाठीच. परदेशातील कारागिराला हिंदुस्थानी भाषा कळत नसे. लेबलावर कोणाचे नाव घालायचे, हे त्याला त्या उच्चारावरून कळे. १९०८ मध्ये कलकत्त्यात कारखाना सुरू झाला आणि तबकड्या येथेच तयार होऊ लागल्या.

या तबकडीचा मुख्य घटक लाख. लाखेत दगडाची पूड, काजळी आणि कापसाचे तंतू मिसळून तो काळा, जड, ठिसूळ पदार्थ बनवीत. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे, दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे आणि प्रत्येक बाजूला नवी पोलादी पिन असा त्याचा संसार. तास-दीड तास राग आळवणाऱ्या गवयाला तीन मिनिटांत आपले सारे सांगावे लागे. काहींना ते अपमानास्पद वाटले, काहींनी त्याचे सोने केले. हातातून निसटली की दोन तुकडे होणारी ही वस्तू ऐंशी-नव्वद वर्षे टिकून राहते, हे खरे तर घरातल्या माणसांच्या जपणुकीचे फळ आहे.

३. मोठ्या यादीबाहेरचे गाणे

कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचे चित्र असलेली कंपनी आपण सारे ओळखतो. परंतु ती एकटी नव्हती. शतकाच्या पहिल्या दशकातच निकोल, बेका, पाथे अशा कंपन्या येथे येऊन ध्वनिमुद्रणे करून गेल्या. ओडियन या जर्मन कंपनीच्या हिंदुस्थानी तबकड्या दोन टप्प्यांत निघाल्या : १९१२ ते १९१६ आणि १९३२ ते १९३८. दोन महायुद्धांच्या छायेत ही दोन्ही पर्वे मिटली. मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या उतारवयातील अजरामर तबकड्या या दुसऱ्या पर्वातल्या आहेत. मुंबईत नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने ‘यंग इंडिया’ या छापाखाली १९३५ ते १९५५ अशी वीस वर्षे तबकड्या काढल्या. या कंपनीचे वैशिष्ट्य असे की, नामवंतांच्या मागे लागण्यापेक्षा नवोदित व हौशी कलावंतांना तिने अधिक वाव दिला. शाळांना उपयोगी पडतील अशा शैक्षणिक तबकड्याही तिने काढल्या.

मग ही गाणी आपल्या कानांवर का नाहीत? त्याचे कारण गुणात नाही, व्यवहारात आहे. मोठी कंपनी टिकली. तबकडी जाऊन लाँग-प्ले आली, कॅसेट आली, सीडी आली. प्रत्येक वेळी त्या कंपनीने आपल्या कोठारातील निवडक माल नव्या वेष्टनात पुन्हा बाजारात आणला. ज्या कंपन्या बंद पडल्या त्यांच्या मुद्रिकांना वालीच उरला नाही. त्या लाखेवर उमटल्या आणि लाखेवरच राहिल्या. आकाशवाणीवर वाजते ते टिकलेले, पुस्तकात येते ते आकाशवाणीवर वाजलेले आणि अभ्यासक्रमात येते ते पुस्तकात आलेले, अशी ही साखळी आहे. तिच्यातून जे निसटले ते हिणकस होते, असा निष्कर्ष काढणे म्हणजे हस्तलिखित सापडले नाही म्हणून कवी झालाच नाही, असे म्हणण्यासारखे आहे.

एकदा बाजारातून नाहीशी झालेली तबकडी कशी शोधावी लागते, याचे एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. १९७७ मध्ये अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ याने अंतराळात पाठविली आणि त्यांवर पृथ्वीच्या संगीताची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसविली. गोव्यातील केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी तीत असावी, अशी शिफारस रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने केली. पण ती ध्वनिमुद्रिका विक्रीतून केव्हाच गेली होती. खूप शोधाशोध केल्यावर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, मेजाखालच्या एका खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. आज ते गाणे सूर्यमालेच्या पलीकडे चालले आहे. ते खोके कोणी आदल्या वर्षी केरात टाकले असते तर? आपल्या माळ्यांवरच्या खोक्यांकडे पाहताना हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

४. सीमेवरचे कान

आता आपल्या परिसराकडे येऊ. बेळगाव, निपाणी, धारवाड, मिरज, कोल्हापूर या पट्ट्याने हिंदुस्थानी संगीताला जी माणसे दिली त्यांची नावे सर्वतोमुखी आहेत. त्यांचा मी पुनरुच्चार करीत नाही. या माणसांच्या घडणीत तबकडीचा वाटा किती होता, एवढेच मला सांगायचे आहे.

बेळगावजवळच्या सुळेभावी गावी १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकाळीमठ हा मुलगा थोरामोठ्यांच्या तबकड्या ऐकून त्यांतील गाणे हुबेहूब म्हणून दाखवी आणि ऐकणारे थक्क होत. तोच पुढे कुमार गंधर्व झाला. १९३५ मध्ये तो मुंबईस प्रा. बी. आर. देवधरांकडे गेला, त्यापूर्वीच्या शिक्षणात तबकडी हा त्याचा मोठा गुरू होता. गदगच्या भीमसेन जोशींनाही बालपणी दुकानात वाजणाऱ्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकडीने झपाटले होते. ज्या मुलांना मैफलीच्या दिवाणखान्यात प्रवेश नव्हता, त्यांच्यासाठी दुकानाची पायरी हाच दिवाणखाना झाला.

दुसरी गोष्ट भाषेची. कुंदगोळचे रामचंद्रबुवा म्हणजे सवाई गंधर्व. त्यांची मातृभाषा कानडी, पण मराठी रंगभूमीवर त्यांनी नाव गाजविले. तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातील बिळगीच्या अमीरबाई कर्नाटकी कानडी, मराठी, हिंदी आणि गुजराती अशा अनेक भाषांत गायिल्या. त्यांची बहीण गोहरबाई मराठी रंगभूमीवर गाजल्या. धारवाडला जन्मलेल्या गंगूबाई हनगल यांच्या आरंभीच्या तबकड्यांवर त्यांचे नाव ‘गांधारी हुबळी’ असे छापले गेले, कारण ‘गंगूबाई’ हे नाव कंपनीला आकर्षक वाटले नाही. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्या हाती ती तबकडी आली तर तो ती कोण्या अनोळखी बाईची म्हणून बाजूला ठेवील. थोर गायिकेच्या बाबतीत ही परिस्थिती. मग ज्यांच्या दोन-तीनच तबकड्या निघाल्या, ज्यांच्या नावापुढे केवळ ‘मास्टर’, ‘मिस’ किंवा गावाचे नाव आहे, त्यांची ओळख कशी पटावी?

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर हा परिसर ज्या प्रश्नात सापडला तो येथील प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्याविषयीची माझी भूमिका मी लपवलेली नाही आणि आज ती मांडण्याचे हे स्थळही नव्हे. मात्र त्या प्रश्नाचा एक परिणाम आपल्या संगीताच्या इतिहासावर झाला आहे. महाराष्ट्रात लिहिलेला इतिहास या भागातील मराठी गाणाऱ्यांना परगावचे समजून ओझरता स्पर्श करतो. कर्नाटकात लिहिलेला इतिहास त्यांना मराठी म्हणून वगळतो. दोन्ही ग्रंथांत ज्यांना पान नाही, अशा कलावंतांची संख्या किती असेल, याचा हिशेब फक्त तबकड्याच देऊ शकतील.

५. शोध कसा घ्यावा

तबकडी हा ऐतिहासिक दस्तऐवज आहे आणि दस्तऐवज वाचावा तशी ती वाचावी लागते. प्रथम लेबल पाहावे : कंपनीचे नाव, गायकाचे नाव, भाषा, रागाचा वा नाटकाचा उल्लेख. त्यानंतर विक्रीक्रमांक. मग तबकडी उजेडाकडे तिरपी धरून लेबलाभोवतीच्या कोऱ्या जागेत कोरलेले बारीक आकडे पाहावेत. तो मूळ ध्वनिमुद्रणाचा क्रमांक. एकाच वेळी एकाच ठिकाणी झालेल्या मुद्रणांचे हे क्रमांक बहुधा लागोपाठ असतात. त्यामुळे एका तबकडीचे वर्ष कळले की तिच्या शेजारणींचेही वर्ष अदमासता येते. लेबल वाळवीने खाल्ले असले तरी हा आकडा शाबूत राहतो. जुन्या तबकडीच्या अखेरीस गायकाने स्वतः नाव सांगितले असेल तर तो सर्वांत विश्वासार्ह पुरावा.

या कामाला शिस्त देणारी माणसे आहेत. मुंबईत १९९० साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली. डॉ. सुरेश चांदवणकरांनी तिच्यामार्फत संग्राहकांना एकत्र आणले. ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक चालविले. ऑस्ट्रेलियाचे मायकेल किनियर यांनी १८९९ ते १९०८ या काळातील ग्रामोफोन कंपनीच्या हिंदुस्थानी ध्वनिमुद्रणांची क्रमवार सूची १९९४ मध्ये मुंबईहून प्रसिद्ध केली. पुढे ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त दप्तरांच्या योजनेतून ‘यंग इंडिया’ आणि ‘ओडियन’ या तबकड्यांचे संगणकीय जतन करण्याचे काम चांदवणकरांनी हाती घेतले. ज्या छोट्या कंपन्यांना वारस नव्हता, त्यांना असे वारस मिळाले. परंतु मुंबईत बसून निपाणीचा माळा झाडता येत नाही. ते काम स्थानिकांनीच करावयाचे आहे.

६. ट्रंकेचा पुरावा

बेळगावच्या जुन्या पेठेत आणि निपाणीच्या भंगारवाल्यांकडे गेली काही वर्षे मी फिरतो आहे. एके ठिकाणी पाण्याच्या माठावर झाकण म्हणून ‘यंग इंडिया’ची तबकडी ठेवलेली पाहिली. एके ठिकाणी लहान मुलांनी तबकड्यांची चाके करून गाडा जोडला होता. कोणाला दोष द्यावा? ग्रामोफोन मोडून दोन पिढ्या झाल्या. त्या काळ्या थाळीत आवाज आहे, हे घरच्यांना कळावे तरी कसे?

परंतु याहून सूक्ष्म अशी एक हानी होते आणि ती अजाणतेपणी नव्हे, तर आस्थेने होते. निपाणीतील एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या वाड्यात मला एक पत्र्याची ट्रंक दाखविण्यात आली. घर मराठी. ट्रंकेत नाट्यपदे होती, भजने होती, हिंदी चित्रपटगीते होती आणि त्यांच्याच मध्ये कानडी पदांच्या तबकड्या होत्या. वेगळ्या बांधलेल्या नव्हे, एकमेकींना खेटून उभ्या. पिनांच्या वापराने सर्वांची झीज सारखीच झालेली. ऐकणाऱ्याच्या लेखी तो एकच संसार होता. काही महिन्यांनी मी पुन्हा गेलो तेव्हा ट्रंक विकली गेली होती. विकत घेणाऱ्याने तबकड्या नीट पुसल्या, भाषावार गठ्ठे बांधले, मराठी गठ्ठा एका शहरी गेला आणि कानडी दुसऱ्या. एकही तबकडी फुटली नाही. तरीही त्या ट्रंकेचा पुरावा फुटला.

माझे आजचे प्रतिपादन एवढ्याच मुद्द्यापाशी येऊन थांबते. एखादे हरवलेले गाणे अन्य कोणाच्या संग्रहातून उद्या सापडू शकेल. परंतु या घरात, या गल्लीत, अमुक गाणे तमुक गाण्याशेजारी ऐकले जात होते, ही माहिती जगात अन्यत्र कुठेही नाही. उत्खननात नाणे कोणत्या थरात सापडले, हे न नोंदता उचलले तर त्याचे निम्मे मोल जाते, हे पुरातत्त्ववेत्ते जाणतात. तबकडीचेही तसेच आहे. कंपनीच्या यादीवरून काय विकावयास ठेवले होते, ते कळते. लोकांनी काय घेतले आणि झिजेपर्यंत काय वाजविले, ते ट्रंकेवरून कळते.

कोणी विचारील, असा पुरावा आपल्या बाजूचा ठरेल की त्यांच्या? तो प्रश्न इतिहासकाराचा नव्हे. किर्लोस्करांच्या पदावरची कानडी चाल मराठीला उणेपणा आणीत नाही आणि सवाई गंधर्वांचे मराठी पद कानडीचे काही हिरावून नेत नाही. माझी मराठी मला प्राणाहून प्रिय आहे. म्हणूनच तिच्या शेजारी कोण बसत होते, हे पुसून टाकणे मला मान्य नाही.

७. शाळेकडे एक मागणे

अखेरीस या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपुढे मी एक साधी योजना ठेवतो. तबकड्या दान करा, असे मी म्हणत नाही. प्रथम नोंद करा. शाळेने एक जाड वही घालावी. आठवी-नववीच्या मुलांनी आपापल्या घरी, आजोळी, शेजारी विचारावे. तबकडी सापडली की लेबलावरील मजकूर छापला असेल तसाच, त्याच लिपीत व त्याच शुद्धलेखनात उतरावा. कानडी येत नसेल तर कानडी वाचणाऱ्या मित्राकडून लिहून घ्यावा. दोन्ही क्रमांक नोंदावेत. ती कोणत्या घरी, कशासोबत सापडली, कोणी आणली होती, केव्हा वाजवीत असत, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहावे. गंजलेल्या यंत्रावर ती वाजवून पाहण्याचा मोह टाळावा. बोथट पिनेने उरलेला आवाजही खरवडला जातो. कोमट पाणी व मऊ फडके पुरे, लेबल मात्र कोरडे ठेवावे. स्पिरिट कदापि लावू नये, लाख त्यात विरघळते. तबकड्या आडव्या रचून न ठेवता उभ्या ठेवाव्यात.

कायद्याची भीतीही फारशी नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या बहुतेक तबकड्यांची ती मुदत उलटून गेली आहे. शब्द आणि चाल यांचे हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे असतात, तेवढे तपासून घ्यावे. नोंद करण्यास तर कोणाचीच परवानगी लागत नाही.

या वहीची पहिली शंभर पाने भरली, तर बेळगाव-निपाणीच्या संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यास एक असे साधन मिळेल, जे कोणत्याही विद्यापीठात नाही. किर्लोस्करांच्या त्या कानडी चालीचे मूळ गाणे अद्याप माझ्या हाती लागलेले नाही. ते तुमच्यापैकी कोणाच्या घरी असू शकेल. मला ते ऐकावयास मिळावे, ही माझी इच्छा खरी; परंतु त्याहून मोठी इच्छा ही की, ते सापडेल तेव्हा ते कोणत्या घरात, कोणत्या गाण्यांच्या सोबतीने सापडले, हे आपल्या शाळेच्या एखाद्या मुलाने वळणदार अक्षरांत लिहून ठेवलेले असावे.